फाटका स्पीकर, सपाट स्पीकर

रियाजाला बसणाऱ्या बहुतेक घरांत हल्ली तानपुरा फोनमध्ये असतो. ॲप उघडायचं, काळी एक की पांढरी पाच ते निवडायचं आणि फोन समोर ठेवायचा. जोडीच्या तारा ऐकू येतात, पण त्यांच्याखालचा खर्ज फोनच्या इवल्याशा स्पीकरातून येतच नाही. मग कुणी फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवतं. आवाज वाढतो, पण आता त्यात पातेलंही वाजायला लागतं. कुणी ब्लूटूथ स्पीकर लावतं, तर खर्ज असा घुमतो की शेजारी वरात आल्यासारखं वाटावं. ॲपमधला तानपुरा तिन्ही वेळा तोच असतो.

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांची गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली डोकेदुखी हीच आहे, फक्त जास्त महाग. त्यांच्या हाती ‘मॉडेलर’ आलाय. पायाने दाबायच्या बटणांचं एक यंत्र, आणि त्यात जगभरातल्या नामांकित ॲम्प्लिफायरांच्या डिजिटल प्रतिकृती. एक बटण दाबलं की १९५९चा फेंडर, दुसरं दाबलं की मार्शल. पण हा आवाज शेवटी कुठल्यातरी स्पीकरातूनच बाहेर पडणार. त्यासाठी बाजारात जी खोकी मिळतात त्यांना ‘एफआरएफआर’ म्हणतात, म्हणजे फुल रेंज, फ्लॅट रिस्पॉन्स. खर्जापासून अतितारापर्यंत सगळं वाजवणारा आणि कशालाच झुकतं माप न देणारा स्पीकर. आत स्वतःचा पॉवर ॲम्प्लिफायर असतो, त्यामुळे मॉडेलरची वायर थेट त्यात खुपसायची.

यातलं कुठलं घ्यावं, असं मित्र विचारतात. मी १९५१ सालापासून सुरुवात करतो आणि ते वैतागतात.

मार्च १९५१. आईक टर्नरचा बँड मिसिसिपीहून मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत रेकॉर्डिंगसाठी निघाला. गिटारवादक होता विली किझार्ट. वाटेत त्याच्या ॲम्प्लिफायरला काहीतरी झालं. गाडीच्या टपावरून पडला असं एक म्हणणं, डिकीत पावसाने भिजला असं दुसरं. स्पीकरचा कागदी शंकू फाटला होता आणि दुरुस्तीला वेळ नव्हता. फिलिप्सने आत कागदाचे बोळे कोंबले आणि रेकॉर्डिंग उरकलं. गिटारचा आवाज घोगरा, फरफरता, जवळजवळ सॅक्सोफोनसारखा आला. ‘रॉकेट ८८’ हे गाणं त्या वर्षी अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूज यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि अनेक जण त्याला पहिल्या रॉक अँड रोल गाण्यांपैकी एक मानतात.

त्या काळातल्या इंजिनिअरच्या नजरेत हा बिघाड होता. १९२५मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आजच्या स्पीकरची मूळ रचना मांडली, ती रेडिओ आणि ग्रामोफोनचा आवाज जसाच्या तसा ऐकू यावा म्हणून. लोहचुंबकात तारेचं वेटोळं, वेटोळ्याला चिकटवलेला कागदी शंकू. विजेचा प्रवाह आला की वेटोळं पुढेमागे हलतं, शंकू हवा ढकलतो. विजेतून जे आलं तेच हवेत गेलं पाहिजे, अशी अपेक्षा.

गिटारच्या नशिबी मात्र साधे स्पीकर आले. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा लिओ फेंडर १९४०च्या दशकात ॲम्प्लिफायर बनवू लागला, तेव्हा त्याने बाजारात सहज मिळणारे जेन्सन कंपनीचे स्पीकर बसवले. त्यांत ट्वीटर नव्हता. मोठा कागदी शंकू साधारण पाच हजार हर्ट्झच्या पुढे दम टाकतो आणि तिथून वरचा आवाज कड्यावरून कोसळल्यासारखा खाली जातो. गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झला वाजते, सर्वांत वरचा सूर तेराशे हर्ट्झच्या आसपास. माणसाचा कान वीस हजारांपर्यंत ऐकत असला तरी गिटारचं एवढ्यात भागतं, असा हिशेब होता.

हिशेबात न धरलेली गोष्ट पुढे झाली. वादकांनी व्हॉल्यूम शेवटपर्यंत पिळायला सुरुवात केली. व्हॉल्व्ह ओव्हरलोड झाले की मूळ सुराच्या वर शेकडो नवे स्वरांश तयार होतात, आणि त्यांतले वरच्या पट्टीतले कानाला डासांच्या थव्यासारखे लागतात. पाच हजारांवर दम टाकणाऱ्या कागदाने नेमके तेवढे डास गाळले. शिवाय दोन ते चार हजारांच्या मध्ये त्याच शंकूला उगाच जोर चढायचा, त्यामुळे गिटार बँडमधून फाडकन पुढे यायची. ही सगळी स्पीकरची वैगुण्यंच. त्यांच्याशिवाय आपण ज्याला रॉक गिटार म्हणतो तो आवाज नाही.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी काढतात. तार घोडीच्या सपाटीवर किंचित घासत राहते, म्हणून तो झंकार येतो. भौतिकशास्त्राच्या शुद्ध नजरेने तीही खरखरच. मिरजेच्या कारागिराला कुणी ती घालवायला सांगितलं तर तो गिऱ्हाइकाच्या डोक्याला हात लावून ताप आहे का बघेल.

१९६०च्या दशकात ही जवारी लोक मुद्दाम काढू लागले. लिंक रेने त्याआधीच, १९५८मध्ये, ‘रंबल’साठी स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली होती. ते गाणं काही रेडिओ केंद्रांनी वाजवायचं नाकारलं, आणि गंमत म्हणजे त्यात आक्षेप घ्यायला एकही शब्द नाही. १९६४मध्ये लंडनच्या किंक्स बँडमधल्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या एल्पिको ॲम्प्लिफायरचा शंकू ब्लेडने चिरला. ‘यू रिअली गॉट मी’मधली ती करकर म्हणजे चिरलेल्या कागदाची फडफड.

त्याच शहरातल्या हॅनवेल भागात जिम मार्शल या ड्रमवादकाचं वाद्यांचं दुकान होतं. फेंडरचे ॲम्प्लिफायर इंग्लंडात महाग पडत, म्हणून १९६२मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फेंडरच्या ‘बेसमन’चं सर्किट समोर ठेवून स्वतःचा ॲम्प्लिफायर बनवला. बेसमनमध्ये दहा इंची चार जेन्सन होते आणि पेटी मागून उघडी होती. मार्शलने इंग्लंडात मिळणारे बारा इंची चार सेलेस्टियन घेतले आणि पेटी मागून बंद केली. सर्किट जवळजवळ तेच, आवाज वेगळाच. पुढे पीट टाउनशेंडने आठ स्पीकरांची एकच पेटी मागितली. ती उचलता उचलता सामान वाहणाऱ्यांची कंबर मोडायची वेळ आली, तेव्हा मार्शलने तिच्या दोन पेट्या करून एकावर एक ठेवल्या. रॉकच्या फोटोंत मागे दिसणारी ती काळी भिंत अशी जन्मली. त्यातली एक पेटी साधारण पस्तीस किलोची. डोंबिवलीहून सकाळच्या फास्ट लोकलने ती नेऊन दाखवावी.

इथे स्पीकरांचं दुसरं घराणं आणायला हवं, कारण आपलं सपाट खोकं त्या घराण्यातलं आहे. हे सभागृहाचं घराणं. त्याचं काम गायकाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जसाच्या तसा नेणं. १५ ऑगस्ट १९६५ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्स पंचावन्न हजारांवर लोकांसमोर वाजले, तेव्हा हे घराणं किती कच्चं होतं ते दिसलं. आवाज मैदानावरच्या घोषणांच्या यंत्रणेतूनही सोडला होता आणि किंकाळ्यांमध्ये वादकांना स्वतःचंच वाजवणं ऐकू येत नव्हतं. नऊ वर्षांनी, मार्च १९७४मध्ये, ग्रेटफुल डेडने दुसरं टोक गाठलं. मंचामागे सहाशेच्या आसपास स्पीकरांची भिंत, प्रत्येक वाद्याला स्वतंत्र यंत्रणा, विकृती जवळपास नाही आणि तीच भिंत वादकांनाही ऐकायला. ते अवाढव्य प्रकरण त्याच वर्षी ऑक्टोबरात गुंडाळावं लागलं. वाहतुकीचा खर्च झेपेना. पण स्वच्छ, कोरा, वादकाच्या मागून येणारा स्पीकर ही कल्पना तेव्हाचीच. ती एका माणसाला उचलता येईल एवढी लहान व्हायला १९९५ उजाडलं. त्या वर्षी जेबीएलने ‘ईऑन’ आणला. प्लॅस्टिकची पेटी, आत वूफर, हॉर्न आणि स्वतःचा ॲम्प्लिफायर. आज आपल्याकडे हळदीपासून एकांकिका स्पर्धेपर्यंत सगळीकडे दिसणारे काळे पॉवर्ड स्पीकर याच वंशातले.

या काळात तिकडे, पहिल्या घराण्यात, स्पीकरलाच सुट्टी द्यायचे प्रयत्न सुरू झाले होते. बॉस्टन बँडच्या टॉम शोल्झने १९८२मध्ये कमरेला लावायचा ‘रॉकमन’ काढला, थेट हेडफोनसाठी. १९८९मध्ये ‘सॅन्सॲम्प’ आला. नावातच ॲम्प्लिफायरशिवाय असा अर्थ. हे दोन्ही ॲनालॉग होते आणि दोघांनाही आत एक गाळणी बसवावी लागली, पाच हजारांवरचे डास गाळणारी. १९९८मध्ये लाइन सिक्सने मूत्रपिंडाच्या आकाराचा लाल ‘पॉड’ आणला आणि डिजिटल प्रतिकृती सामान्य वादकाच्या खिशाला परवडली. २००६मध्ये फ्रॅक्टलचा ‘ॲक्स-एफएक्स’ आला, २०११मध्ये जर्मनीतून केम्पर. केम्पर तर खऱ्या ॲम्प्लिफायरला चाचणीचे आवाज पाठवून त्याचं वागणं टिपून घेतो.

स्पीकर आणि पेटीची नक्कल करायला जी युक्ती सर्रास वापरली जाते, तिचं नाव इम्पल्स रिस्पॉन्स. देवळाच्या गाभाऱ्यात एक टाळी वाजवा आणि मागे उरणारा घुमारा रेकॉर्ड करा. त्या घुमाऱ्यात गाभाऱ्याची सगळी हकिकत असते, आणि गणिताने तो घुमारा कुठल्याही आवाजावर चढवता येतो. गाभाऱ्याच्या जागी मार्शलची पेटी, टाळीच्या जागी मोजणीचा सिग्नल. गंमत अशी की यासाठी फार काळाचा आवाज लागत नाही. ४८ हजारांच्या सॅम्पलिंगला २०४८ नमुने, म्हणजे सुमारे ४३ मिलिसेकंद. पस्तीस किलो लाकूड-लोखंड डोळ्याची पापणी लवण्याआधी संपणाऱ्या एका फाइलीत मावतं.

आता खोक्याची गरज कुठून आली ते बघा. पहिल्या पिढीतले बरेच मॉडेलरवाले घरचाच गिटार ॲम्प्लिफायर वापरत. मीही केलंय. एका कॉलेजच्या फेस्टमध्ये रात्र जागून बसवलेला आवाज मंचावरच्या ॲम्प्लिफायरला जोडला, तर जाड गोधडीखालून वाजल्यासारखा आला. फाइलीतल्या पेटीने पाच हजारांवरचं एकदा गाळलं होतं, समोरच्या खऱ्या पेटीने पुन्हा गाळलं. साउंडवाला म्हणाला, ‘भाऊ, तुझी गिटार झोपली.’ पेटी जर फाइलीत असेल तर बाहेरच्या स्पीकरला स्वतःचं काही म्हणणं असता कामा नये. एफआरएफआरचं सगळं तर्कशास्त्र एवढंच. म्हणून लोकांनी सभागृहाच्या घराण्यातले पॉवर्ड स्पीकर उचलून गिटारमागे ठेवले.

आणि ते नाराज झाले. तक्रार सगळ्यांची एकच होती: आवाज बरोबर आहे, पण ॲम्प्लिफायर खोलीत असल्यासारखं वाटत नाही.

मला ही तक्रार या सगळ्या इतिहासातली सर्वांत रंजक जागा वाटते, कारण ती खरी आहे आणि तरी स्पीकरचा दोष नाही. इम्पल्स रिस्पॉन्स टिपताना मायक्रोफोन, बहुधा १९६५पासून चालत आलेला शुअर एसएम५७ किंवा त्याच्या जातीचा एखादा, शंकूपासून बोटभर अंतरावर असतो. आपले कान तिथे कधीच नव्हते. आपण तीन-चार हात लांब उभे, पेटी जमिनीवर, तिचं तोंड आपल्या पोटऱ्यांकडे. तीन हजार हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जेमतेम अकरा-साडेअकरा सेंटिमीटर असते, आणि बारा इंची शंकू तीस सेंटिमीटरचा. लहरीपेक्षा उगम एवढा मोठा असला की तीक्ष्ण आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो आणि बाजूला पसरत नाही. म्हणजे वादकांच्या पिढ्यांनी स्वतःचा ॲम्प्लिफायर झोताबाहेर उभं राहून, मऊ झालेला ऐकला. तो झणझणीत झोत पुढच्या रांगेला. सपाट खोक्यातून मात्र वादकाला पहिल्यांदाच मायक्रोफोनला ऐकू येतं ते ऐकू आलं, आणि हॉर्नमुळे ते खोलीभर पसरलंही. त्याच्या आवडत्या अल्बमवर जो आवाज होता तोच हा. ‘हा माझा आवाज नाही’ असं तो म्हणतो तेव्हा, इतकी वर्षं श्रोते जे ऐकत आले होते तेच त्याला परकं वाटत असतं.

डिसेंबर २०१३मध्ये मेटालिकाने अंटार्क्टिकावर, अर्जेंटिनाच्या संशोधन तळावर एका घुमटात कार्यक्रम केला. प्रेक्षक शंभर-सव्वाशे, आणि मंचावर गर्जणारा एकही स्पीकर नाही. सगळे हेडफोन लावून. काळ्या भिंतींच्या पिढीतला बँड आणि श्रोते त्या दिवशी एकच आवाज ऐकत होते.

कंपन्यांनी तक्रार ऐकली आणि त्यांनी जे केलं ते मला थोडं केविलवाणं, थोडं हुशार वाटतं. २०१८च्या लाइन सिक्स पॉवरकॅबमध्ये सपाट वाजायची सोय आहे, आणि नको असेल तर तो जुन्या गिटार स्पीकरांची सोंगंही घेतो. केम्परने सेलेस्टियनकडून तसाच बहुरूपी स्पीकर करून घेतला. २०२३मध्ये खुद्द फेंडरने एफआर-१० आणि एफआर-१२ काढले. बाहेरून जुना फेंडर ॲम्प्लिफायर, तेच जाळीदार कापड, तीच मूठ. आत हजार वॉट आणि स्वतःचं मत नसलेला स्पीकर. ज्या कंपनीच्या पेट्यांच्या नकला बहुतेक मॉडेलरांत भरल्यात, तिनेच त्या नकला वाजवायला कोरी पेटी विकायला काढली.

मग घ्यायचं कुठलं? आधी ‘सपाट’ या शब्दावर विसंबू नका. पेटीवर तो छापायला कुणाची परवानगी लागत नाही. पॉवर्ड स्पीकर बरेचदा लग्नाच्या डीजेला खूश करायला जुळवलेले असतात, खर्ज फुगवलेला आणि वरचा चकचकाट वाढवलेला. गिटारला या दोन्ही गोष्टी मारक. वॉटचे आकडेही तसेच. दोन हजार वॉट हा क्षणभराचा उच्चांक असतो, तासभर वाजवायची ताकद नव्हे. शिवाय जुना गिटार स्पीकर एका वॉटला एक मीटरवर शंभर डेसिबलच्या आसपास देतो. त्याहून आठ डेसिबलने मंद असलेल्या सपाट स्पीकरला तेवढाच आवाज काढायला सहापट वॉट लागतात. हजार वॉटचं खोकं पन्नास वॉटच्या जुन्या ॲम्प्लिफायरसमोर दबलेलं वाटलं, तर त्यात आश्चर्य नाही.

आणि तुम्ही वाजवता कुठे, हे स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. बिल्डिंगमध्ये राहून फक्त घरी वाजवणार असाल तर दोन बरे स्टुडिओ मॉनिटर किंवा हेडफोन पुरे, बारा इंची खोक्यावर पैसे घालू नका. छोट्या हॉटेलात, ड्रमरसोबत, साउंड सिस्टिम नसताना वाजवणार असाल तर बारा इंचीच घ्या आणि वॉटची चैन करा. मोठ्या मंचावर लोकांना तुमचा आवाज वायरीने थेट मिक्सरमधून जातो. तिथे खोकं केवळ तुमच्यासाठी आणि बँडसाठी, दहा इंची हलकंही चालतं, रिक्षातही मावतं.

दुकानात जाताना आपला मॉडेलर घेऊन जा. दुकानदार कुरकुरेल, तरी ड्रमसोबत वाजवाल तेवढ्या आवाजात ऐका. १९३३मध्ये बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं होतं की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि वरचे सूर कमी ऐकू येतात. घरी हळू वाजवत आपण दोन्ही वाढवून ठेवतो, आणि तोच आवाज मंचावर खाली घों घों करतो, वर कानात सुई खुपसतो. खोकं जमिनीवर ठेवून ऐका, मग खुर्चीवर. जमीन खर्ज वाढवते. समोरून ऐका, मग चार पावलं बाजूला जा. बाजूला आवाज फारसा बदलला नाही तर हॉर्न चांगला बसवलाय.

शेवटी हाय-कटची सोय बघा, पेटीवर नसेल तर मॉडेलरमध्ये असतेच. माझ्या ओळखीचे बहुतेक जण महिनाभर वीस हजार हर्ट्झपर्यंतचं कौतुक करतात. मग एखाद्या प्रॅक्टिसला ड्रमर वैतागतो, ते ती खुंटी मागे फिरवायला लागतात, आणि पाच-सहा हजारांवर, जिथे जेन्सनचा कागद आपणहून थांबायचा तिथे, आणून सोडतात.